शंकरपाळीचे चुकलेले डोस

मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही दोघं राहतो, मी आणि शंकरपाळी.
नाव रेवतीनं ठेवलेलं, दुसरीत होती तेव्हा.
रंगही तसाच, खरपूस,
कडा जरा जास्त तळल्या गेलेल्या.

पिवळी पुस्तिका परवा सापडली
वॉशिंग मशीनच्या वॉरंटीखाली.
शेवटचा शिक्का दोन वर्षं पाच महिन्यांपूर्वीचा,
त्याखाली पुढची तारीख पेन्सिलीनं
आणि तिच्यासमोर कोरी रेघ,
आमच्या कंपनीच्या त्या वर्षीच्या पगारपत्रकासारखी.

तारखा विसरणारा माणूस नव्हे मी.
व्हिसा, सीपीआर कार्ड,
गाडी होती तोवर गाडीचा विमा,
सगळं महिनाभर आधी.
माझ्या नावाचं काहीच कधी मुदतीबाहेर गेलं नाही.
तिचं गेलं.
मांजरीच्या फोनवर कुणी आठवण पाठवत नाही.

पिंजरा विकला होता त्याच वर्षी,
रेवतीच्या सायकलीबरोबर, एकाच गिऱ्हाइकाला.
म्हणून धुण्याच्या दोन टोपल्या तोंडाला तोंड लावून
वृंदाच्या मागे राहिलेल्या परकराच्या
नाडीनं आवळल्या. निरगाठ.

नूरजमानच्या पिकअपचा एसी चालत नाही. ऑगस्ट.
समुद्रावरून वारा येतो तो
ओलं घोंगडं तोंडावर टाकल्यासारखा.
पुलावर शंकरपाळी अख्ख्या मनामाला शिव्या देत होती.
नूरजमान हसला, म्हणाला, बाई खानदानी दिसते.
मग सिग्नलला, समोर बघत,
स्वातमधल्या काकाचं सांगू लागला,
कुत्रं चावलं होतं, शेताच्या बांधावर, साधं ओरखडल्यासारखं,
आणि दोन महिन्यांनी पाण्याचा पेला बघून तो…
वाक्य तिथंच ठेवून त्यानं गिअर टाकला.

डॉक्टर रीम सीरियाच्या. अरबीत प नाही.
शंकरबाली, त्यांनी हाक मारली,
आणि क्षणभर ते एखाद्या बेटाचं नाव वाटलं
जिथं आम्ही अजून गेलेलो नाही.

उशीर का झाला?
उत्तर मी रात्रीच जुळवून ठेवलं होतं:
सात महिन्यांचा थकलेला पगार,
मायलेकींचं मिरजेचं एकेरी तिकीट,
लेबर कोर्टाच्या फेऱ्या, घर बदललं त्यात
अर्धी खोकी अजून बांधलेलीच.
तोंड उघडलं तर त्या
मांजरीच्या कानात बॅटरी मारून बघत होत्या.
प्रश्न मला नव्हता,
फॉर्मवर एक चौकट होती फक्त.

मग पहिल्यापासून, त्या म्हणाल्या.
रेबीज आज. दुसरी लसही आज,
तिचाच पुन्हा एक डोस तीन आठवड्यांनी.
जुने धरायचे नाहीत.

नऊ वर्षांच्या म्हातारीला पिल्लाचं वेळापत्रक.
हेवा वाटला.
लेबर कोर्टात मात्र जुनंच सगळं धरतात,
तेही पुन्हा पुन्हा.

सुई गेली तेव्हा हूं नाही की चूं नाही.
पुलावरची ती जहांबाज कुठे गेली कोण जाणे,
माझ्या बाहीत डोकं खुपसून
ती एखाद्या उधार घेतलेल्या वस्तूसारखी
जपून बसली होती.

एकवीस दिनार. त्यातले तीन
अर्ध्या अर्ध्याच्या नोटांत मोजले.
काउंटरवरची मुलगी दोनदा मोजायला लागली नाही,
तिचे उपकार.

रात्री रेवतीचा व्हिडिओ कॉल.
दुखलं का तिला?
नाही गं.
तुम्हाला काय माहीत, डोळे मिटले असतील तुम्ही.
मिटले होते.
मग जरा थांबून: येताना तिला आणणार ना, बाबा?
मी म्हटलं, पुढचा डोस एकोणीसला आहे.
तिकडे वृंदा कुकर उतरवत होती,
शिटीचा उरलेला श्वास इथवर ऐकू आला.

आता शंकरपाळीचं अंग कोमट आहे,
होतं असं एखादा दिवस, डॉक्टरांनी सांगितलंय.
सकाळी जिच्यात जायला तिनं माझा हात फाडला
त्याच टोपलीत जाऊन झोपली आहे.
निरगाठ मला सुटली नव्हती, कापावी लागली.
नाडीचं एक टोक तिच्या दातांत आहे,
ओढून बघितलं,
सोडत नाही.