कनी, भरडा, सुकट

दुकानावर पाटी एकच: पिको, फॉल, ब्लाऊज शिलाई.
दुसऱ्या कामाला पाटी नाही.
ज्याला लागतं त्याला उदगिरात बरोबर कळतं:
मंगळवारी, दिवेलागणीला, मागच्या दारानं.

आत पत्र्याची कोठी. सासूची. एका अंगानं चेपलेली.
तिच्यात किराणावाल्या मन्मथप्पानं धाडलेली तांदळाची कनी,
ज्वारीचा भरडा, फुटक्या बिस्किटांचा चुरा,
आणि वर खुंटीला, कुणाचा पंजा पोचू नये म्हणून,
सुकटीची पिशवी.
कोंबड्यांची मुंडकी-पाय खाजामियाँ स्वतः आणतो,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
"आपा, हिसाब नक्को लिखो."

मी लिहिते तरी. दोनशे पानी वही.
फक्त माणसाचं नाव लिहीत नाही.
वाघ्या, एक पसा कमी, दात गेलेत.
राणी, व्यालेली, दुप्पट.
चिमणी (ही मांजर आहे).
टायगर, याला एक डोळा.
मालकाला सहा महिने काम नाही,
पण ते वहीत नाही.

लोक आधी दुसरंच बोलतात.
उन्हाचं बोलतात, नळाला कधी येणार ते बोलतात.
गुरुलिंग तर पहिल्यांदा बायकोची साडी घेऊन आला,
फॉल लावलेली. तिलाच पुन्हा लावा म्हणला.
मी उसवली. लावली.
मग पायरी उतरताना, पाठ तशीच,
"आमचं ते काळं... काहीबी खातंय तसं."
पिशवी भरून दिली. त्यानं ती साडीच्या घडीत सारली.

झुंबरबाई मात्र मोठ्यानं बोलते, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.
"पोरगा म्हणलालाय, आपल्यालाच नाही तर कुत्र्याला कशाला.
म्हणलं, तू पुण्याला गेलास तवा
रात्री दार कोण राखलालतं?"

आणि एक म्हातारा, अर्धी पिशवी परत घेऊन आलेला.
तोंड त्याच दोऱ्यानं बांधलेलं, माझ्याच मशीनच्या.
"परवा गेला. हे दुसऱ्या कुणाला."
त्याला चहा विचारायचा राहिला.
मी भरडा कोठीत ओतला,
आणि त्या दिवसाची ओळ वहीत नाही.

परवा जनावरांच्या कॉलेजातला एक पोरगा आला,
लस टोचायला कोण कोण आहेत बघायला.
वही चाळता चाळता मागं मागं गेला.
"मावशी, पहिल्या पानावर भुरी. पुढं काहीच नाही.
हिला किती?"

मी कात्री शोधू लागले.
कात्री हातातच होती.

ह्यांचं डाळ मिलमधलं काम सुटलं त्या साली
घरात तीन लेकरं, एक पातेलं.
भुरीला साखरेच्या पोत्यात घातलं मी,
तोंड परकराच्या नाडीनं बांधलं. सैल.
जीव गुदमरू नये एवढी अक्कल शिल्लक होती.
रुळाच्या पलीकडं, बाभळीखाली सोडलं.
वाटभर ती ओरडली नाही.
पोत्याला हात कुणाचा आहे
हे तिला आतून कळत असणार.

मांजर घर शोधत येतं म्हणतात.
पंधरा दिवस मागचं दार मी लावलं नाही.
ह्यांनी विचारलं, तर म्हणाले, उकडतंय.
माघ महिना होता.

"मावशी? किती लिहू?"
"राहू दे."

तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं.
आठ-नऊ वर्षांचं पोर, पाठीवर शाळेचं दप्तर,
चेन अर्धी उघडी, आतून दोन कान.
घरी विचारलंस का, असं मी विचारलं नाही.
वही ओढली, पेन झटकलं.
"नाव काय?"
"माझं?"
"तुझं नाही रे. तिचं."
"अजून ठेवलं नाही."
"मग ठेव आधी," म्हणलं.
"तोवर मी माप भरते."