खिशाचं माप

टोलेडोच्या बाहेर, जत्रेच्या मैदानावरच्या लांबट हॉलमध्ये
फेब्रुवारीत दोन दिवस माझं टेबल असतं.
बंदुका मी विकत नाही. मुठी विकतो.
सिगारच्या अकरा खोक्यांत, जोडीजोडीने, रबरबँड लावून:
अक्रोड, शिसवी, हरणाचं शिंग,
आणि शिंपल्याची म्हणून खपणारी प्लॅस्टिकची.
बहुतेकांचे मालक गेलेले.
जाताना कोणी मूठ बरोबर नेत नाही.

ती आली तेव्हा गर्दी सॉसेजच्या रांगेकडे वळली होती.
बुटांना बर्फाचा चिखल. हातावर एक काळा कोट,
अंगात न घालता घडी करून आणलेला,
आणि लोकरीच्या मोज्यात रिव्हॉल्वर.
दारावरच्या पोराने त्यातून पिवळी पट्टी ओवली होती
वासराला दावं बांधावं तशी.

दोन इंची नळी. सहा गोळ्यांचं घर.
तोंडाशी निळी झिलई उडालेली.
आणि मागे ही भलीमोठी रबरी मूठ,
खारीला बैलाचं शेपूट लावल्यासारखी.

"लहान हवी," ती म्हणाली.
हात दाखवा, मी म्हणालो.
सगळेच दाखवतात. पंजा बघून मी सांगतो
कोणाची करंगळी खाली लोंबणार.
तिने हात दाखवला नाही.
कोट टेबलावर पसरला, उजवा खिसा उघडून धरला.
"ह्यात बसली पाहिजे."

आई. अल्डोना झिलिंस्कास.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी,
शेवटची बस चुकली की अडीच मैल चालत,
काच कारखान्याच्या भिंतीच्या कडेकडेने.
स्वतःच्या पगारातून, हप्त्याने घेतलेलं.
सोळा वर्षं.
झाडलं एकदाही नाही.
झाकली मूठ, तीही खिशात.

पुढे तिची नोकरी सुटली. मग बापाने
स्वतःच्या पंजाला शोभेल अशी रबरी चढवली,
कुंपणावरचे डबे उडवायला.
लाकडी कुठे टाकली ते विचारायचं राहून गेलं.
नोव्हेंबरात त्यालाही मूठमाती दिली.

पहिली जोडी पाच गोळ्यांच्या धाकट्या सांगाड्याची निघाली,
भोक जोंधळ्याएवढं चुकलं.
शिंगाची बसली,
पण खिशाच्या तोंडाशी अस्तराने तिला धरून ठेवलं.
तिसरी नवव्या खोक्यात, तळाशी:
अक्रोड, टाचेला गोल,
एका बाजूची नक्षी झिजून साबणासारखी.
आतून पेन्सिलीने कोण्या दुसऱ्याच रिव्हॉल्वरचा नंबर.

नंबर जुळत नाही, मी आधीच सांगितलं.
ह्यावरून पुढे भांडणं होतात.
"आईचं-माझंही कुठे जुळत होतं," ती म्हणाली.

कानस घेतली. चार हात मारले, जास्त नाही.
भुसा कोटावर पडला, तिने तो झटकला नाही.
जुनाच स्क्रू, अर्धा फेरा कमी आवळला;
जुनं लाकूड, जोर केला की तडकतं.

मग तिने ते खिशात सोडलं
आणि कोट कॉलरला धरून उंच उचलला.
उजवी बाजू बोटभर खाली उतरली.
ती बघत राहिली.
मागे एक माणूस खोळंबला होता, खाकरला,
तरी ती बघतच राहिली.
"दारामागच्या खुंटीला," ती म्हणाली,
"आई घरी असली की
तो असाच वाकडा टांगलेला असायचा."

चाळीस सांगितले होते. पंचवीस घेतले
आणि ती रबरी मूठ.

दोन्ही दिवस तिला गिऱ्हाईक आलं नाही.
बोटांच्या खाचा झिजून फार खोल गेल्यात,
एकाच माणसाच्या होऊन बसल्यात.
हॉल रिकामा झाल्यावर मी धरून पाहिली.
माझी बोटं बसेनात.

माझ्या टेबलाचा डावा पाय लटपटतो.
सध्या ती त्याच्याखाली आहे.