जवसाचं तेल

आमच्याकडे खंदक खणताच येत नाही.
हातभर खाली गेलं की पाणी.
म्हणून आम्ही तो वर रचला, पोत्यावर पोतं,
आयझर नदीच्या काठाने मैलोगणती,
आणि तरीही शेवटपर्यंत म्हणत राहिलो,
खाली उतरतोय.

माझ्या दंडावर चित्रकाराची फीत होती.
पोरं मला वाट करून देत
जशी पोटुशीला द्यावी, किंवा पाद्र्याला.
कर्नल म्हणाले होते, युद्ध काढा.
मी पाहिलं:
समोर चिखल. डोक्यावर आभाळाची एक चिंधी.
शत्रू तीन वर्षांत एकदाच दिसला,
सदरा वाळत घालताना.
तपकिरी रंग पहिल्याच आठवड्यात संपला.

सेराफीन लो गावचा, बापाचं जवसाचं शेत.
माझ्या तेलाची बाटली हुंगून म्हणाला,
'आमच्याकडचंच हे. घाणा मात्र चांगला नव्हता.'
मग कॅनव्हासवर अंगठा घासून,
'हेसुद्धा. लिसच्या पाण्यात कुजवलेलं. वास जातच नाही.'
वीस वर्षं रंगवत होतो,
आपण जवसावर जवस फासतो
हे मला काडतुसांच्या पेटीवर बसलेल्या
एका एकोणीस वर्षांच्या पोराने सांगितलं.

पायांना त्याच्या गोणपाट गुंडाळलेलं.
डावा बूट मंगळवारी चिखलाने गिळला,
उजवा त्याने स्वतःच भिरकावला,
एकटा काय करील म्हणून.
'मला काढ,' म्हणाला, 'आई बघेल कधीतरी.
आणि बूट काढ.'
मी त्या पायांकडे बघत राहिलो.
आधी कोळशाने पाय काढले, जसे होते तसे,
सुजलेले, गोणपाटातून डोकावणारा अंगठा.
मग त्यांच्यावर बूट चढवले.
काळे. चकाकणारे. नाडीसकट.
तो हसला. त्या आठवड्यात एवढंच हसू.

सप्टेंबरात तो गेला.
कसा, ते मी काढलेलं नाही.

युद्ध संपल्यावर फर्नच्या नगरभवनात चित्रं लागली.
कर्नलांनी खाली पाटी लावली: 'विसावा'.
युलाली आली, बैलगाडीतून, पावसात.
तोंडाकडे तिने पाहिलंच नाही.
वाकून बूट पाहत राहिली.
'त्याचा डावा पाय थोरला. नवा जोड चावायचा त्याला.
चावत होता का?'
'नाही,' मी म्हटलं. 'सैल होता.
आत गवत भरायचा तो.'
एका खोट्यावर दुसरा हात,
पहिला सुकायच्या आत.
तिने कोपऱ्याला बोट लावलं, नाकाशी नेलं,
आणि मान हलवली,
जणू घरच्याच कुणाची ओळख पटली.

त्यालाही आता तीस वर्षं होतील.
माझे हात थरथरतात, युलाली नाही.
परवा नगरभवनाच्या रखवालदाराने बोलावून नेलं.
जुनं झालं की तेल पातळ होतं, आरपार होतं,
हे मला ठाऊक असायला हवं होतं.
डाव्या बुटाच्या काळ्यातून
हळूहळू वर येतोय
एक अंगठा.

'रंग उडालाय. दुरुस्त करता का?' त्याने विचारलं.
मी खुर्ची ओढून बसलो. बराच वेळ.
राहू द्या, म्हटलं.
बूट काढतोय तो.