युद्ध-जोखीम, प्रति कंटेनर

आमच्या अजनीच्या डेपोत समुद्राचा वास येतो
तो फक्त रिकाम्या कंटेनरचं दार उघडल्यावर:
गंज, ओलं लाकूड, कुणाच्या तरी देशातली धूळ.
झिरो माइलच्या दगडावर गावं आहेत, मैल आहेत,
समुद्राचं नाव नाही.
कोरणाऱ्याला वाटलं असेल, काय करायचंय.

मी बिलं करते.
गोंदियाचा तांदूळ, जेद्दा. बुटीबोरीचं सूत, इस्तंबूल.
भाडं, हाताळणी, कागदपत्रं,
आणि डिसेंबरपासून एक नवा रकाना:
युद्ध-जोखीम, प्रति कंटेनर, डॉलरमध्ये.
पार्टी फोनवर ओरडते,
'मॅडम, कोणाचं युद्ध? आमी त तांदूळ पाठवून रायलो!'
सर, कंपनीचं सर्क्युलर आहे, मी म्हणते.
हे नाही सांगत, की त्याच रकान्यात,
जहाजाच्या पोटात, इंजिनाशेजारी
माझा भाऊ हेमराज पाना घेऊन उभा आहे.

झेंडा लायबेरियाचा, कप्तान युक्रेनचा,
स्वयंपाकी मनिलाचा,
मालक कोण ते कुणालाच नीट माहीत नाही.
राखणदारांचे झेंडे आणखी वेगळे.
रात्री रेडिओवर एक आवाज विचारतो,
माणसं किती, माल काय, वेग किती.
कधी फ्रेंच वळणाचं इंग्रजी, कधी इटालियन,
एकदा चक्क आपलं, केरळी.
'ताई, माणसं किती हे आधी विचारतात,' हेमराज म्हणाला,
'बरं वाटतं.'

मोबाइलवर त्याचं जहाज म्हणजे
तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा बाण.
मंगळवारी दुपारी तो विझला.
मुद्दाम विझवतात म्हणे, सामुद्रधुनीच्या तोंडाशी,
दिसू नये म्हणून
शत्रूला.
आणि मला.
एकतीस तास.
'काऊन वं, जेवत नाहीस?' आईनं विचारलं.
ऊन लागलं, म्हटलं.
बाहेर चव्वेचाळीस होतं. अगदीच खोटं नव्हतं.
भरलेल्या कूलरमध्ये पुन्हा पाणी ओतलं,
ते खोलीभर झालं.
ऑफिसात सात बिलं केली. सातही बरोबर.

बुधवारी रात्री मेसेज:
'पार झालो. काहीतरी आलं होतं वरून,
राखाडी बोटीनं हवेतच फोडलं.
आम्हाला खाली नुसता दणका.
सकाळी वर आलो तर ती बाजूलाच होती.
कठड्यापाशी एक पोरगा बनियन वाळत घालत होता.
मी हात केला. त्यानं चिमटा हलवला.
कोणत्या देशाचा, कळलं नाही.
झेंड्यावर ऊन होतं.'

आईला मी फक्त बनियनचं सांगितलं.
ती म्हणाली, 'हेमराजले कुठं चिमटे भेटत असतीन?'

गुरुवारी गोंदियाचा फोन:
'मॅडम, तो रकाना थोडा कमी होत नाही का?'
तुमच्या मिलमध्ये माणसं किती, मी विचारलं.
'माणसं? असतीन अठरा-वीस. काऊन?'
काही नाही, म्हटलं,
आणि बिल पाठवून दिलं.