सावलीचा भाव

उद्याचा दिवस मी आजच कापतो
शहाण्णव तुकड्यांत, पंधरा-पंधरा मिनिटांचे,
आणि बाजाराला कळवून टाकतो :
एक्केचाळिसाव्या तुकड्यात आमच्या शिवारातून
इतके मेगावॅट येतील.
ऊन अजून यायचंय.
टेकडीवरच्या बारा पवनचक्क्यांपैकी तीन
आत्ता मान टाकून उभ्या,
त्यांच्याही नावापुढे आकडा.

समीकरण एकच, त्यात कुणाला सूट नाही :
जितकी तयार तितकीच खपली पाहिजे,
ह्याच क्षणी.
वीज कणगीत भरून ठेवता येत नाही.
बॅटरीचे डबे यायचेत म्हणतात, दोन वर्षं झाली,
त्यांच्यासाठी ओतलेल्या ओट्यावर सध्या
चौकीदाराची मिरची वाळते.

जानेवारीत सलग चार दिवस चुकलो.
उपग्रहाच्या चित्रात ढगाचा ठिपका नाही,
आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं,
वारा पश्चिमेचा, वरची पाती झकास फिरताहेत,
आणि खाली सूर्याचा आकडा
शंभराला त्र्याण्णव, एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी.
दंड लागत गेला.
मी वजनं बदलली, जुन्या नोंदी गाळल्या,
रात्री दोन वाजता संगणकात शंभर वेगवेगळे उद्या
उभे केले रांगेत.
शंभरही खोटे निघाले.

गिरजाबाई आत्राम काचा पुसते.
बादली खाली ठेवून म्हणाली,
“काऊन रे भाऊ, तोंड काऊन उतरलं?”
सांगितलं, जमेल तसं.
“आभाय साफ हाये न. काच मयली हाये.
हडंबा लागला तिकडं जिरापुरेच्या वावरात, तुरीवर,
चार दिस झाले. सारा धुर्रा इकडंच येते.
तुया गणितात हडंबा नाई काय?”

नव्हता.

ज्या वाऱ्यानं वरती पाती फिरत होती
तोच खाली काचांवर तुरीचं फोलकट अंथरत होता.
एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढून घ्यायचं;
पुस्तकात याला ऋण सहसंबंध म्हणतात.
मी एक चल वाढवलं, नाव दिलं ‘ह’.
मुख्य कार्यालयातून फोन आला :
ह म्हणजे ह्युमिडिटी ना?
हो म्हणालो.
जिरापुऱ्याला आता मीच विचारतो,
हडंबा परवा की तेरवा?
त्याला वाटतं, मला तूर घ्यायची आहे.

आता चैत्र. पारा पंचेचाळीस.
त्रेपन्नावा तुकडा, म्हणजे दुपारचा एक.
सगळ्यांचंच ऊन एकदम बाजारात उतरतं
आणि विजेचा भाव पडतो,
आठवडी बाजार उठताना मेथीचा पडतो तसा,
न्या हो, काही द्या.
नेमक्या त्याच वेळी बाया पॅनेलखाली शिरतात,
डबे उघडतात. भाकर, जवसाची चटणी,
एका डब्यात नुसतंच लोणचं.
पॅनेल तिरपे, सावली अरुंद,
सगळ्यांना पुरत नाही.
नवी लागलेली पोर अर्धी आत, अर्धी उन्हात,
चप्पल हातात धरून.

समीकरण सुटलं की उत्तराच्या मागून
आणखी एक संख्या निघते :
बांधलेली मर्यादा एका मापानं सैल केली
तर साऱ्या व्यवहाराला किती फरक पडेल, ती.
तिला छाया-किंमत म्हणतात.
परीक्षेत व्याख्या पाठ लिहिली होती,
दहापैकी नऊ मिळाले.
एक कुठे गेला, कळलं नव्हतं.

पडद्यावर भाव अजून उतरतोय.
गिरजाबाई मांडी आवळून घेते,
डबा उचलते,
हातभर सरकते.
“ये वं,” म्हणते, “इकडं ये.”