तीन, बकरीने

दुपारी दोनला, कळी उमलायच्या आत,
भिवसनकाका चिमट्याने परागकोश काढायचे.
कॉलेजच्या मागे, जिथे बर्डीचा गलका
कडुनिंबातून गाळून येतो,
लाल गुलबक्षीची एक रांग, पांढरीची एक,
पाणी लायब्ररीच्या कूलरमधून ठिबकेल तेवढं.

पहिल्या वर्षी सगळी गुलाबी.
एकही लाल नाही, एकही पांढरी नाही.
वहीत लिहिलं: अपूर्ण प्रभुत्व.
मला वाटलं, संपलं. दुधात कुंकू पडलं,
आता कोण निवडून काढणार?

एका फुलाला एकच बी,
काळी, सुरकुतलेली, मिरीसारखी.
काकांनी चाळीस मोजल्या, औषधाच्या पुडीत बांधल्या.
नागपूरचा शेहेचाळीस डिग्रीचा मे
त्या पुडीने लोखंडी कपाटात काढला,
प्लायर, ब्लेड आणि काकांच्या सुपारीशेजारी.

सप्टेंबरात, चार वाजता, प्रॅक्टिकल सुटताना
उघडली:
लाल, गुलाबी, परत गुलाबी,
आणि कुंपणाला टेकून एक पांढरी,
डाग म्हणून नाही कुठे.

मी म्हटलं, काका, गुलाबीच्या पोटी ही आली कोठून?
“येईन कोठून? अठीच होती नं बापा.
दबून बसली होती. मिसळली नोती.”

मोजणी दसऱ्याच्या आधी संपली.
नऊ लाल, एकोणीस गुलाबी, पांढरी नऊ.
प्रमिला फुलझेले म्हणाली, दहा-वीस-दहा लिहून टाकू,
सरांना एकास दोनास एकच पाहिजे,
कोण येतंय बघायला?
काका नळी विसळत होते. मान वर न करता म्हणाले,
“अन् बकरीनं खाल्ले ते?”

प्रमिलाने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.
मग समासात, बारीक अक्षरात:
तीन, बकरीने.
सरांनी त्याखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं
आणि अर्धा मार्क कापला.

आता मी शिकवते. फळ्यावर चौकोन आखते,
चार घरं भरते, पोरं उतरवून घेतात.
कुणाची बेरीज काटेकोर जुळली
की मी आधी विचारते, कुंपण कसं होतं तुमचं?
हसतात.

त्या तिघांना जेमतेम दोन-दोन पानं फुटली होती.
रंग तर बियांतच ठरलेला होता.
फक्त चार वाजायचे राहिले.