उघाडी

माझ्या बापाचं काम खाडी अडवायचं,
आणि सोडायचंही.
धरमतरच्या खाडीला लागून आमची खारजमीन,
बांधाच्या पोटात दोन उघाड्या,
एकेकीला सागाची झडप, वरून टांगलेली.
ओहोट लागली की आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं,
भरती आली की खाडीच तिला दाबून बंद करते.
हात लावायचा नाही. पाण्याचं पाणी बघतं.
"एकाच बाजूनं," आबा म्हणायचे,
"आयुष्यभर एकाच बाजूनं."

नऊ वर्षांची असताना माझा घसा धरला.
थुंकी गिळताना काटा.
आईनं मिठाच्या गुळण्या दिल्या,
चमच्याच्या दांड्यानं हळद लावली
आणि चार दिवसांत मी बरी झाले.
हे नीट ऐका: बरी झाले.
शिमग्याला होळीभोवती नाचलेसुद्धा.
मग गुडघा सुजला.
तो उतरला तर घोटा, घोटा उतरला तर मनगट,
दुखणं पाहुण्यासारखं घरोघर जेवून गेलं.
"वाढतं अंग आहे," बारकूबाय म्हणाली.
एका घरी मात्र ते मुक्कामाला राहिलं.
तिथं दुखत नव्हतं,
म्हणून कुणी विचारलं नाही.

एकोणतिसाव्या वर्षी, सातव्या महिन्यात,
बांधावर चालताना धाप.
सगळ्या म्हणाल्या, पोट वर चढलंय.
रात्री आडवी झाले की छातीत पाणी चढे,
मी भाताच्या कणगीला टेकून बसून झोपायची.

अलिबागला आठल्ये बाईंनी
डोळे मिटून खूप वेळ ऐकलं.
दोन ठोक्यांच्या मधे घरघर,
लांबच्या साकवावरून बैलगाडी जावी तशी.
पाठकोऱ्या कागदावर त्यांनी हृदय काढलं, चार खोल्यांचं.
म्हणाल्या, घशातल्या जंतूंशी लढायला
अंगानं जी फौज उभी केली
तिला जंतू आणि झडप यांतला फरक कळला नाही.
तेव्हा चार इंजेक्शनं, मग दर एकवीस दिवसांनी एक,
एवढ्यावर निभावलं असतं.
आता पडदे जाड झालेत, कडा चिकटल्यात.
चार बोटांचं दार एका बोटाचं उरलंय.

आबांनी कागद स्वतःकडे ओढला.
"कालवं धरलीत," म्हणाले.
"कालवं धरली की झडप पुरी उघडत नाही,
पाणी मागं तुंबतं. हिच्या मागं काय आहे?"
"फुप्फुसं."
"मग तेच. मागचं शेत बुडतंय."
बाईंनी पेन खाली ठेवलं
आणि पहिल्यांदाच त्यांना "बसा" म्हणाल्या.

आई दाराशी उभी होती.
"मी तेव्हाच आणली असती तर?"
बाईंना खोटं बोलता आलं असतं.
"कदाचित," म्हणाल्या.

आधी फुग्यानं दार ताणून दिलं,
रेवती झाली.
सहा वर्षांनी नवी झडप बसली.
"कुठलं लाकूड?" आबांनी विचारलं.
"लाकूड नाही. कार्बन, धातूच्या कड्यात."
"खारात लोखंड टिकत नाही."
"हे टिकतं."
"वंगण?"
"रोज एक गोळी, रक्त पातळ राहायला. चुकवायची नाही."
आबांना ते पटलं.
त्यांनी एकही उधाण चुकवलेलं नव्हतं.

आता रात्री घर निजलं की माझ्यातून टक्, टक्.
नवरा म्हणतो, झोप लागत नाही तुझ्या आवाजानं,
आणि आवाज आला नाही तर उठून बसतो.
"बंद होतानाच वाजते ती," आबा म्हणाले,
"उघडताना झडप कधी बोलत नाही."

परवा रेवती शाळेतून आली, घशाला हात लावून.
मी चप्पल शोधेपर्यंत
आई रस्त्यावर, नातीचं मनगट धरून,
पोयनाडला जाणाऱ्या विक्रमला आडवी.
गुडघे धड नाहीत तिचे, तरी अर्ध्या रस्त्यात.
ओट्यावर पातेलं,
गुळण्यांचं पाणी,
मीठ तळाशी, अजून न विरघळलेलं.